तिने गॅस का बंद केला

दाद्या, तू मेलास ते एक वेळ मी माफ करीन. माणसं मरतात, त्यात तुझं विशेष काही नाही. पण मेल्यावर आठवडाभरातच तुझी जी भानगड माझ्या कानावर आली, तिला माफी नाही. तू वर असशील, खाली असशील, नाहीतर तू म्हणायचास तसा कुठेच नसशील. असशील तिथे नीट बस आणि ऐक.

साहित्य मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला तुझ्यावर ‘चार भावपूर्ण शब्द’ लिहायला सांगितलेत. सांगणाऱ्याला तरी कळायला हवं होतं. भांड्यांच्या दुकानात जन्म गेलेला माणूस चार शब्द बोलतो का? तिथे परातीवर पातेलं आदळत असताना गिऱ्हाइकाला भाव सांगायचा तर पार आर्णी रोडपर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढावा लागतो. पण मी लगेच हो म्हणालो, कारण सूड घ्यायला छापील कागदासारखी जागा नाही. बोललेलं तू खोडायचास. हे खोडून दाखव.

लोकांना वाटतं आपण जिवलग होतो. कसले जिवलग! मी गोष्टी सांगायचो आणि तू त्यांना कात्री लावायचास, एवढंच आपलं नातं. कलेक्टर ऑफिसात अव्वल कारकुनी करून तुझी सवयच तशी झाली होती. समोर आलेल्या कुठल्याही मजकुरातलं निम्मं काढायचं आणि उरलेल्यावर शंका घ्यायची. मी सोळा आणे सांगितलं की तू शेजारून बारा आणे काढून घ्यायचास, तेही लोकांदेखत. आठवतं का, मे महिन्यात टाऊन हॉलमध्ये नागपूरच्या त्या कवीचा सत्कार होता? बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं, आत पंखे नुसती गरम हवा ढवळत होते, आणि त्या गरीब माणसाच्या अंगावर लोकरीची शाल पांघरली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात सांगत होतो, “कवी जाग्यावरच वितळला ना बावा! शाल उचलून पाह्यली तं खाली नुसता चष्मा!” सगळं दुकान पोट धरून हसत होतं. तू पायरीवर उभा. म्हणालास, “चष्मा नव्हता त्याले.”

झालं. लोक तुझ्यावर जास्त हसले. माझी अख्खी गोष्ट तू तीन शब्दांत खाल्लीस आणि वर माझ्याच पैशाचा चहा प्यायलास.

तरी या गावातला एक कार्यक्रम आपण सोडला नाही. लोकांना यवतमाळ कापसावरून आठवतं, मला इथल्या सभागृहांच्या खुर्च्यांवरून आठवतं. कोणत्या हॉलची कोणती खुर्ची डगमगते, कुठला माइक ‘स’ आला की शिट्टी मारतो, समईची वात पंख्यामुळे विझते तेव्हा पंखा कुणी बंद करायचा, सगळं आपल्याला पाठ. पुस्तक प्रकाशन असो, व्याख्यानमाला असो, कविसंमेलन असो, नाहीतर एखाद्या मास्तरच्या एकसष्टीत होणारं त्याच्याच कवितांचं वाचन असो, तिसऱ्या रांगेत भिंतीकडच्या दोन खुर्च्या आपल्या. पहिली रांग मान्यवरांची, फोटो निघाला की ती रिकामी व्हायची. दुसरी मान्यवरांच्या नातेवाइकांची. तिसऱ्या रांगेत पुस्तक वाचून आलेली माणसं बसायची. म्हणजे तू. मी शेवटचं पान वाचून यायचो. शेवट कळला की माणूस निवांत ऐकू शकतो.

आणि तू काय ऐकायचास! लेखक बोलत असायचा आणि तू माझ्या उजव्या कानाला लागलेला. “याले विचार, आईचं पात्र मधातच कुठी गेलं?” “याले विचार, गाव सोडून जाणारा माणूस कुलूप कायले लावते, घरात काही नव्हतं तं?” असे प्रश्न, दाद्या! मी सांगतो, त्यातला एकेक प्रश्न त्या लेखकांच्या छातीवर जाऊन बसला असता. मी म्हणायचो, “तूच विचार ना बे.” तू म्हणायचास, “प्रश्नोत्तरं होऊ दे.”

आणि प्रश्नोत्तरं कधी व्हायचीच नाहीत.

फार पूर्वी व्हायची. तो दिवस तर मी विसरूच शकत नाही, कारण तितका मी पुन्हा कधी गाजलो नाही. पुण्याकडचे एक कादंबरीकार आले होते. भाषण संपलं, मी हात वर केला, माइक आला. “माझा एक छोटासा प्रश्न आहे,” मी म्हणालो, आणि प्रश्न नीट समजावा म्हणून थोडी पार्श्वभूमी दिली. पार्श्वभूमी म्हणजे काय, माझ्या आजोबांनी बोरी अरबच्या बाजारातून आणलेल्या बैलाला बोलायला कसं शिकवलं, तेवढंच. मग बैल पहिला शब्द काय बोलला ते आलं. तो शब्द ऐकून पळालेली वरात आली. वरातीच्या मागून नदीचा पूर आला, पुरात वाहून गेलेलं आमचं पितळी घंगाळ आलं, आणि ते ज्या माशाच्या पोटात सापडलं तो मासा आला. लोक म्हणतात मी पाऊण तास बोललो. मी म्हणतो पाच मिनिटं. कादंबरीकारांची धामणगावहून गाडी होती, ती चुकली असंही म्हणतात. गाडीच वेळेआधी सुटली असेल. मागच्या रांगेतली कॉलेजची पोट्टी खुर्च्यांवर उभी राहिली होती. टाळ्या, शिट्ट्या, “अजून, काका, अजून!” मी चारी दिशांना वाकून नमस्कार केला. प्रश्न तेवढा विचारायचा राहून गेला.

घरी जाताना स्कूटर तू चालवत होतास. गाव संपेपर्यंत तोंड उघडलं नाहीस. मी मागून विचारलं, “कसा झाला?” तू म्हणालास, “घंगाळ माशाच्या पोटात मावत नाही.”

त्याच सुमाराला भोयर वकील मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि कार्यक्रमपत्रिकेला एक नवं शेपूट फुटलं. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी वकील उठायचे, घड्याळाकडे बघायचे, चेहऱ्यावर जवळचं कोणी गेल्यासारखं दुःख आणायचे आणि म्हणायचे, “वेळेअभावी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम होऊ शकत नाही, याबद्दल दिलगीर आहोत.” वेळेअभावी! आणि वेळ खाल्ला कोणी? त्यांच्याच प्रास्ताविकाने. त्यांचं प्रास्ताविक सुरू झालं तेव्हा पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर असलेलं लेकरू, ते संपलं तेव्हा मिसरूड फुटून नोकरी शोधत होतं. लेखकाच्या वाट्याला मागे उरलेला वेळ. आपल्या वाट्याला दिलगिरी.

मग दत्त चौकातल्या टपरीवर आपली खरी सभा भरायची. मी म्हणायचो, “या वकिलाले प्रश्नाचा विटाळ होते का बे?” आणि तू, एरवी ‘च्यायला’ म्हणतानाही इकडेतिकडे बघणारा तू, बशी खाली ठेवून म्हणायचास, “हलकट आहे. लोकाइच्या तोंडाले कुलूप ठोकून राह्यला.” असं काय काय बोलायचास की टपरीवाला कप विसळायचा थांबायचा. मला अभिमान वाटायचा. वाटायचं, बघा, अव्वल कारकुनाच्या पोटात किती आग आहे! हे टपरीचं लक्षात ठेव. त्यावर येतो मी.

मग ती कादंबरी आली. वणीजवळच्या राजूरची एक तरुण बाई, खाणीच्या कॉलनीत वाढलेली, तिची पहिलीच. त्यातली इंदू खाणीच्या कँटीनमध्ये राबते, कारण नवरा दुसरीचा हात धरून चंद्रपूरकडे निघून गेलेला. इंदू पोरीला शिकवते, घराला रंग देते, हळूहळू त्याचं नाव घेणं सोडते. आणि अगदी शेवटच्या पानावर, रात्री ती घरी भजी तळत असताना, दाराबाहेरून तो हाक मारतो. इंदू गॅस बंद करते. संपली कादंबरी.

तू पुस्तक घेऊन भर दुपारी दुकानात आलास, चेहरा असा की लॉटरी लागली. “दार उघडते ते!” म्हणालास.

“कोण?”

“इंदू. दार उघडायले चालली म्हणून तं गॅस बंद केला. तेल तापत ठेवून बाई दारात जाईन काय? घर पेटन ना.”

मी शेवटचं पान तर वाचलं होतंच. म्हणालो, “येडा आहेस. भज्याचा चर्र आवाज बाहेर जाते, वास जाते. घरात कोणी नाही असं वाटावं म्हणून बंद केला तिनं. तो दोन हाका मारन आन् जाईन निघून.”

“आन् ते अंधारात उभी राहीन?”

“राहीन. काहून नाही राहणार? इतके दिवस राह्यलीच ना त्याच्याबिगर?”

त्यावर तू जे भांडलास! तुझ्या घरी भांडलो, दुकानात भांडलो, बँकेच्या रांगेत भांडलो. शोभावहिनी एकदा आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “सिलिंडर संपलं असन, दुसरं काय होते?” आपण दोघंही ओरडलो, “वहिनी, साहित्य आहे हे!” त्या म्हणाल्या, “साहित्यात सिलिंडर संपत नाही काय?” शेवटी असं झालं की निम्मं यवतमाळ दार उघडणाऱ्यांचं आणि निम्मं न उघडणाऱ्यांचं. दारव्हा नाक्यावर दोन्ही पक्ष समोरासमोर आले, दगडफेक व्हायचीच बाकी होती. हो, माहीत आहे. एक शिंपी होता आणि एक ऑटोवाला. पण चांगले तावातावाने भांडत होते.

खरं सांगू, मला इंदूचं एवढं पडलेलं नव्हतं. मला राग यायचा तो तुझा. सोडून गेलेल्या माणसाची इतकी बाजू कशाला घ्यायची? तू म्हणायचास, “परत येणं सोपं नसते बबन. दाराशी उभं राहाले बी हिंमत लागते.” मी म्हणायचो, “जायले नाही लागली ते?” तू दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचास. कढईचा आकार, भज्यांची संख्या, स्वयंपाकघरातून दार किती लांब. कलेक्टर ऑफिसात एवढा अभ्यास केला असतास तर कलेक्टर झाला असतास.

मग ठरलं की तिलाच विचारायचं. ती यंदाच्या व्याख्यानमालेत येणार होती. पण कार्यक्रमाच्या आधीच तुझ्या छातीने दगा दिला. सरकारी दवाखान्यात तू नळ्या लावून पडलेला, आणि तिथेही मी गेलो की पहिलं वाक्य, “तेल तापत ठेवून जाईन काय?” नर्स मला म्हणाली, काका, यांना बोलू देऊ नका. मी म्हटलं, बाई, हे मला जमलं असतं तर काय पाहिजे होतं?

त्या दिवशी मी तुला म्हणालो, “तिले विचारलं असतं, पण भोयर वकील आहे ना. वेळेअभावी.”

तू म्हणालास, “या टायमाले प्रश्न होतीन.”

“वकील मेल्यावर?”

“होतीन म्हणलं ना बे. तू विचारजो.” मग दम घेतलास आणि म्हणालास, “पण एका वाक्यात विचारजो.”

मला इतका अपमान वाटला! एका वाक्यात काय मागता येतं? पोस्टाचं तिकीट. मी चिडून उठलो, “तूच बरा होऊन विचार,” म्हणालो आणि निघून आलो. आपलं ते शेवटचं बोलणं. लोकांची माणसं जाताना डोक्यावर हात ठेवून जातात, तू मजकूर कमी करायला सांगून गेलास.

घरी बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. मंडळाची शोकसभा आठवड्याने टाऊन हॉलमध्ये. मंचावर फ्लेक्स, ‘कालकथित दादाराव यांना विनम्र अभिवादन’. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला. त्यात तू असा बघत होतास की समोरच्याने अर्जाला तिकीटच लावलेलं नाही. शोभावहिनी पहिल्या रांगेत, एकट्या. आणि भोयर वकील माइकवर. “मंडळाचा आधारवड हरपला. दादाराव म्हणजे आमच्या चळवळीचा कणा...”

आधारवड! ज्या वडाला हयातभर माइकपर्यंत फांदी पोचू दिली नाही, त्याचा आधारवड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आठवडाभर याच क्षणाची तयारी केली होती. झोपेत केली होती, दुकानात केली होती, एका गिऱ्हाइकाला कुकरऐवजी शोकसभेचं अर्धं भाषण दिलं होतं. माझी पाळी आली तसा मी माइक धरला आणि म्हणालो, “या शोकसभेत प्रश्नोत्तरं होतीन. पहिला प्रश्न माह्या. आन् आज वेळेअभावी चालणार नाही. ज्याच्यासाठी जमलो, त्याले कुठी जायची घाई नाही.”

शोकसभेत प्रश्न विचारायची रीत नाही हे मला कळतं. हॉलमध्ये पंखेसुद्धा दबकून फिरायला लागले.

“वकीलसाहेब,” मी म्हणालो, “हा माणूस पुस्तक वाचून यायचा. प्रश्न पोटात घेऊन तिसऱ्या रांगेत बसायचा. तसाच घरी जायचा. तुम्ही त्याले एकदा बी माइक काहून दिला नाही? एवढंच सांगा. त्याच्या फोटोपुढं सांगा.”

वकील म्हणाले, “बबनराव, हे आपण घरी बोलू.”

“घरी नाही. इथंच.”

ते मंचावरून खाली आले. माइकशिवाय बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. आवाज साधाच होता. म्हणाले, “तुम्ही बैलाची गोष्ट सांगितली होती ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाराव माझ्या घरी आले होते. म्हणाले, ‘साहेब, बबन बोलते तवा मागची पोट्टी त्याची नक्कल करतात. शिट्ट्या मारतात. त्याले वाटते वाहवा होऊन राह्यली. मले पाहवत नाही. प्रश्नोत्तरंच बंद करून टाका.’ मी म्हटलं, अहो, मग तुम्हालाही विचारता येणार नाही. तर म्हणाले, ‘माह्यं राहू द्या.’ मलाही ते सोयीचं पडलं, खोटं कशाला बोलू? माझी भाषणं लांबतात. पण शेवटी दवाखान्यातून त्यांनी फोन केला. म्हणाले, राजूरच्या बाई येतील तेव्हा प्रश्नोत्तरं ठेवा. बबनला माइक द्या. हसले तर हसू द्या.”

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. लोकांना वाटलं असेल, बबन बिचारा दुःखाने खाली बघतोय. मी तुला शिव्या देत होतो. दोन मिनिटांत जेवढ्या बसतात तेवढ्या दिल्या. बसत नाहीत रे दोन मिनिटांत.

अरे हरामखोरा, मला माहीत होतं! पोट्टी हसत होती हे मला माहीत होतं! मी आंधळा होतो की बहिरा? बैल बोलला म्हटल्यावर माणसांनी काय करायचं, माना डोलवायच्या? हसावीत म्हणूनच सांगत होतो. नमस्कार कुणाला केला मी वाकून? त्या नकला करणाऱ्या पोट्ट्यांनाच. दुकानात माणसं येतात, तांब्याला टिचकी मारतात, कानाशी नेऊन ऐकतात आणि जातात. तांब्याचा आवाज ऐकतात, माझा कोण ऐकतो? त्या दिवशी हॉलभर माणसं माझं ऐकून हसली, आणि तू ते माझ्या हिताच्या नावाखाली बंद करून आलास. आयुष्यातली सगळ्यात मोठी कात्री तू माझ्या पाठीमागे चालवलीस.

आणि टपरीवर? त्या वकिलाला तू ‘हलकट’ म्हणायचास! माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत! तो माणूस गावभर खलनायक होऊन तुझं गुपित सांभाळत होता, आणि तू माझ्या शेजारी उभा राहून, माझ्या चहात पाव बुडवून, त्याचा उद्धार करत होतास. कुठल्या शाळेत शिकलास हे? मला थापाड्या म्हणायचास ना? माझ्या थापेत बैल बोलतो. तुझ्या थापेत अख्खं सभागृह गप्प बसलं. आता मला भोयर वकिलांशी नीट बोलावं लागतं, रस्त्यात दिसले की थांबावं लागतं, त्यांच्या नातवाचे मार्क ऐकावे लागतात. ही शिक्षाही तुझ्यामुळेच.

माझा माइक बंदही तू करणार, चालूही तू करणार. कोण बे तू, लाइनमन?

पण मला सगळ्यात जास्त जाळतं ते वेगळंच. जगातल्या प्रत्येक लेखकासाठी तुझ्याकडे प्रश्न होता. आई कुठे गेली, कुलूप कशाला लावलं. एक प्रश्न मला विचारायचा होतास. ‘बबन, हसतात ते लोक, तुले चालते का?’ बस. एका वाक्याचा होता. स्कूटरवर विचारला असतास, मी ‘चालते’ म्हणालो असतो, आणि मग तूही उभा राहिला असतास, सगळ्यांना विचारलं असतंस. तुझे ते सगळे प्रश्न माझ्या उजव्या कानात पडून आहेत, दाद्या. त्यांतले काही लेखक तर आता वारलेसुद्धा. कुणाला नेऊन देऊ मी ते? ‘माह्यं राहू द्या’ म्हणे. तुझं राहू द्यायचा अधिकार तुला कोणी दिला?

परवाच्या रविवारी राजूरची ती बाई आली. हॉल असा भरला होता की माणसं खिडक्यांना लोंबकळत होती, काही छतावर बसली होती. बरं, मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. बघ, कापायला कोणी उरलं नाही तर मलाच माझं कापावं लागतंय. हाही गुन्हा तुझ्याच नावावर.

शोभावहिनी आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. “मी सिलिंडरवाल्यांकडून आली,” म्हणाल्या. भोयर वकिलांनी प्रास्ताविक इतकं थोडक्यात आटोपलं की लोक घाबरले, यांची तब्येत तर बरी आहे ना? बाई लहानखुरी, पण बोलली खणखणीत. खाणीचा भोंगा, कॉलनीतली नळावरची भांडणं, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ. तुला आवडलं असतं. तू पाच वेळा माझ्या कानाला लागला असतास. कान उगाच शिवशिवत होता.

मग वकील उठले, घड्याळाकडे बघितलंच नाही, आणि म्हणाले, “आता प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न बबनराव.”

माइक माझ्या हातात आला. मागची पोट्टी सरसावून बसली. ही पोट्टी नवीन, पण बैलाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली. मोबाइल वर झाले. बोरी अरबचा अख्खा बाजार माझ्या जिभेवर येऊन उभा होता, दाद्या. घंगाळ होतं, मासा होता, शिवाय या वेळी मी एक हत्तीही तयार ठेवला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “इंदूनं गॅस काहून बंद केला?”

आणि खाली बसलो.

इतकी शांतता झाली की बाहेर ऑटोवाला सुट्ट्यांवरून भांडत होता तेही ऐकू आलं. मागून एक पोट्टा कळवळून ओरडला, “काका, बैल राह्यला ना!” सगळा हॉल हसला. मीही हसलो. काय झालं रे त्याने? मेलो का मी?

ती बाईपण आधी हसली. मग थांबली. म्हणाली, हा प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता. पाण्याचा घोट घेतला आणि उत्तर दिलं. दोन शब्दांत नाही, चांगलं सविस्तर दिलं. इंदूच्या मनात काय होतं, कढईत तेल किती होतं, दाराकडे तिची पाठ होती की तोंड, सगळं सांगितलं. ती बोलायची थांबली तेव्हा वहिनींनी पदराने चेहरा पुसला आणि मला म्हणाल्या, “ऐकलं ना भाऊजी?”

ऐकलं. मी ऐकलं, वहिनींनी ऐकलं, वकिलांनी ऐकलं, बैलासाठी आलेल्या त्या पोट्ट्यांनीसुद्धा ऐकलं. आता सगळ्या यवतमाळात एकट्या तुला ते माहीत नाही.

आणि मी सांगणार नाही.

स्मरणिकेचे संपादक म्हणाले, “बबनराव, उत्तर काय होतं ते टाका ना लेखात, वाचकांना उत्सुकता लागेल.” म्हटलं, वाचकांनी कादंबरी घ्यावी, वाचावी आणि घराघरात भांडावं. इथे छापलं तर तू वाचशील. वहिनींनाही बजावून ठेवलंय, फोटोसमोर त्या विषयावर बोलायचं नाही. मी स्वतः तुझ्या घरी जातो तेव्हा भिंतीकडे मान वळवत नाही, कारण माझा चेहरा वाचण्यात तू पटाईत. जिंकलास की हरलास, काही कळू देणार नाही तुला. हा माझा सूड. प्रश्न पोटात घेऊन बसायची तुला सवय आहेच. बस आता.

नाहीच राहवलं तर ये. पण कानाला लागून कुजबुजायचं नाही. टाऊन हॉलमध्ये उभा राहा, हात वर कर, माइक माग आणि सगळ्यांदेखत मोठ्याने विचार. हवी तेवढी पार्श्वभूमी दे, रात्र होऊ दे. मी एक शब्दही मधे बोलणार नाही.